साडेछत्तीस

"किती दिवस असं तोंड सांभाळून बोलायचं? माझी आता जीभ दुखायला लागलीय."

"हळू! आत ताई डबा धुतायत."

ताई म्हणजे मी. नळ चालू होता म्हणून मला ऐकू जाणार नाही, अशी ऋजुताची समजूत. एकोणपन्नासाव्या वर्षी डोळे अधू होतात, गुडघे कुरकुरतात. पण आपल्याविषयी चाललेली कुजबुज ऐकायचा कान मात्र दरवर्षी तिखट होत जातो. मी डब्याचं झाकण तिसऱ्यांदा घासलं. बाहेर तौफिक काहीतरी पुटपुटला आणि दोघं गप्प झाले. मी बाहेर आले तेव्हा दोघांच्याही चेहऱ्यावर ग्रुप फोटोतलं हसू होतं.

"काय ताई, आज मेथी होती वाटतं?" तौफिकनं विचारलं.

"शेपू," मी म्हटलं. "वास आला नाही?"

शेपूचा वास ज्याला येत नाही, त्याचं लक्ष नक्की दुसरीकडे असतं. माझा संशय तिथून सुरू झाला.

आमचं ऑफिस मिरजेत, दवाखान्यांच्या रांगेमागे, एका बंद पडलेल्या एक्स-रे क्लिनिकच्या वरच्या मजल्यावर. काम एकच: नवजात बाळांच्या वॉर्मरचं सॉफ्टवेअर. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला स्वतःची ऊब धरता येत नाही. त्याला उघड्या पाळण्यात ठेवतात, वर हीटर असतो आणि पोटावर नाण्याएवढा सेन्सर चिकटवलेला असतो. बाळ किती गरम आहे ते सेन्सर सांगतो, हीटर किती तापवायचा ते आमचं सॉफ्टवेअर ठरवतं. साडेछत्तीस अंश हा आमचा देव. येत्या मंगळवारी हा देव चाळीस तालुक्यांच्या दवाखान्यांत बसणार होता.

माणसं मोजकी. तौफिक मुल्ला आणि शार्दूल चौगुले सॉफ्टवेअर करतात, ऋजुता त्यातल्या चुका शोधते. मी हेमलता कोष्टी, स्क्रम मास्टर. म्हणजे कामाची गाडी रुळावर ठेवणारी. टायपिंग इन्स्टिट्यूट बंद पडल्यावर मोबाइलवर व्हिडिओ बघून मी कोड लिहिण्यापासून हे सगळं शिकले. पदवी नाही, त्यामुळे माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर फक्त कॅलेंडर आहे. आमच्या वर बिराजदार साहेब. ते सांगलीच्या ऑफिसात बसतात आणि सोमवारी इकडे येतात.

आमच्या कामाची एक रीत आहे. दोन आठवड्यांचं काम लहान लहान तुकड्यांत वाटायचं, प्रत्येक तुकड्याचं एक कार्ड करायचं. रोज सकाळी साडेनऊला पंधरा मिनिटं सगळ्यांनी उभ्यानं भेटायचं. उभ्यानं अशासाठी की बसलेला माणूस लांबण लावतो. मग प्रत्येकानं तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. काल काय केलं? आज काय करणार? कुठं अडलंय?

बोलणाऱ्याच्या हातात चिंगी असते. चिंगी म्हणजे तपासणीसाठी आणलेली रबरी बाहुली, वजनाला दीड किलो, पोटाला सेन्सर चिकटवलेला. एरवी ती कोपऱ्यातल्या चाचणीच्या पाळण्यात, दिवसरात्र चालू असलेल्या हीटरखाली झोपलेली असते. साडेनऊला शार्दूल तिची वायर पाळण्यातून काढतो आणि तिला उचलून आणतो. चिंगी ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं. मग ती पुढच्याकडे जाते. पहिल्या आठवड्यात गंमत म्हणून सुरू झालेली ही पद्धत आता आमच्या अंगवळणी पडलीय. कुणी चिंगीला एका हातानं धरलं तर बाकीचे ओरडतात, "मान धर, मान!"

माझ्या हातात ती कधी येत नाही. मी विचारणारी. मी पाळण्याकडे आणि त्याच्या पडद्याकडे पाठ करून उभी राहते, म्हणजे सगळ्यांचे चेहरे दिसतात.

आणि मध्ये टेबलावर ठाव.

ठाव म्हणजे पेढ्यांच्या बॉक्सएवढी काळी डबी, वर एक दिवा. ती का आली तेही सांगायला हवं. हल्ली कोड बहुतेक यंत्रच लिहितं. माणसांनी काय हवं ते सांगायचं, आलेलं तपासायचं आणि "झालं" म्हणायचं. त्यामुळे सगळ्या प्रकल्पात बेभरवशाची अशी एकच वस्तू उरली, माणसाचं "झालं". ते मोजायचं यंत्र कुणीतरी काढणारच होतं.

ठावला खरं-खोटं कळत नाही. त्याला फक्त सवयी कळतात. खात्री नसलेलं वाक्य बोलायच्या आधी माणूस श्वास थोडा अर्धवट घेतो, आकड्याच्या अलीकडे क्षणभर थबकतो, क्रियापदावर त्याचा आवाज किंचित चढतो. आपल्या कानाला हे जाणवत नाही, पण त्या डबीला जाणवतं. तिनं आमच्या दोन वर्षांच्या बैठकांचं ध्वनिमुद्रण ऐकलंय. तौफिक "उद्या होईल" म्हणाला आणि खरंच झालं, तेव्हा त्याचा आवाज कसा होता. झालं नाही, तेव्हा कसा होता. प्रत्येकाचा असा हिशेब तिच्याकडे आहे. त्यावरून दिवा लागतो. खात्री वाटली तर हिरवा, जरा डळमळ असेल तर पिवळा, भरवसा नसेल तर लाल.

पहिल्याच महिन्यात शार्दूल सरळ म्हणाला होता, "ह्याला किती दिवस लागतील, मला माहीत नाही." दिवा लाल. बिराजदार साहेबांनी त्याला सांगलीला बोलावून घेतलं. तो परत आला आणि त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात कुणालाही काहीही माहीत नसणं बंद झालं. सगळे कामाचे इतके बारीक तुकडे करायला लागले की प्रत्येक तुकडा छातीठोकपणे झालाच म्हणता यावा. "काल बटणाचा रंग बदलला." हिरवा. "आज दुसऱ्या बटणाचा बदलणार." हिरवा. गेले तीन महिने आमच्याकडे चातुर्मासातल्या डोंगरासारखं हिरवंगार होतं.

त्या दिवशी, म्हणजे शेपूच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी मुद्दाम वेगळा प्रश्न टाकला.

"ऋजुता, तुझ्या मते काही राहिलंय का?"

तिनं चिंगीला जरा घट्ट धरलं. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. गेले कित्येक दिवस ही पोरगी माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हती. नजर नेहमी माझ्या डाव्या खांद्याच्या वर.

"नाही ताई. माझ्या यादीतलं सगळं झालंय."

पिवळा.

"यादीबाहेरचं?"

"यादीबाहेरचं मी कसं सांगणार?" दिवा पुन्हा हिरवा. शार्दूलनं घाईनं चिंगी तिच्याकडून घेतली आणि बटणाचं पुराण सुरू केलं.

दुपारी बिराजदार साहेबांचा फोन आला. "ताई, मंगळवार पार पडला की आपण निवांत बसू. पुण्याहून एक जण येतोय, चांगला शिकलेला आहे. तुमच्याशी बोलायचंय त्याबद्दल."

झालं. माझ्या डोक्यात सगळे तुकडे एकमेकांत बसले. पोरांना हे आधीच कळलंय. म्हणून ही कुजबुज, म्हणून ही चुकवलेली नजर. तौफिकला नोकरीवर घ्यायच्या वेळी मीच साहेबांशी भांडले होते, "त्याच्याकडे पदवी नाही, पण माझ्याकडे तरी कुठं आहे?" म्हणून. त्याच तौफिकला माझ्या डब्यातला शेपू ओळखू येईना.

घरी गेले ती तशीच धुमसत. माझे यजमान दत्ता शिलाई मशिनं दुरुस्त करतात. साधा सरळ माणूस.

"बीपीची गोळी घेतलीत का दुपारी?"

"हो."

"हो म्हणायच्या आधी थांबलात."

"तोंडात भाकरी होती, हेमा."

"आधी नाही, 'हो'च्या आत थांबलात. आवाज चढला."

त्यांनी घास गिळला, पाणी प्यायले आणि शांतपणे म्हणाले, "बावीस वर्षं तू माझं ऐकत नाहीस ही माझी तक्रार होती. आता ऐकायला लागलीस तर जास्तच पंचाईत झाली."

गोळी त्यांनी घेतलेली होती. मी नंतर पाकीट मोजलं. मोजल्याची लाज वाटली, पण मोजलं.

शनिवारी ऑफिस बंद. मी दहा वाजता कुलूप उघडलं.

ठावकडे फक्त दिवा नसतो. प्रत्येकाचं प्रत्येक वाक्य तारखेनिशी आणि भरवशाच्या टक्क्यांसकट त्याच्या पोटात असतं. किल्ली स्क्रम मास्टरकडे. ठाव बसवला त्या दिवशी मी पोरांना शब्द दिला होता की ही नोंद मी कधीही उघडणार नाही. तेही चिंगीच्या डोक्यावर हात ठेवून. सगळे हसले होते, पण माझ्या शब्दावर विसंबले होते.

मी नोंद उघडली. माझं नाव शोधलं. पुण्याचा माणूस, ताईंची बदली, असलं काहीतरी सापडेल म्हणून वाचत गेले. काही सापडलं नाही. पिवळे आणि लाल ठिपके होते, पण ते माझ्या नावाशी नव्हते. ते सगळे एकाच कार्डाभोवती जमले होते, मुंग्यांनी गुळाच्या एकाच खड्याला धरावं तसे. सतरा नंबर. त्या कार्डाचं नाव आलं की तिघांचेही श्वास अर्धे. आणि एप्रिलच्या बारा तारखेला, मी खोलीत यायच्या दोन मिनिटं आधी, ठावनं हे टिपलेलं:

ऋजुता: "ताईंना माहीत असणारच. त्यांनीच अकरा वेळा पुढे ढकललंय."

तौफिक: "मग काहीतरी कारण असेल. ताई उगाच करणार नाहीत."

तौफिकच्या वाक्यापुढे भरवसा नऊ टक्के.

मी सतरा नंबरचं कार्ड काढलं. "सेन्सर: किरकोळ सफाई." नाव मी दिलेलं. प्रत्येक वेळी पुढच्या दोन आठवड्यांत ढकललेलं, अकरा वेळा, ढकलणारीही मीच. मग मी कोड उघडला. यंत्रानं लिहिलेल्या हजारो ओळींच्या जंगलात माणसाच्या हातच्या तीन ओळी. वर शेरा: "डेमोपुरतं. नंतर काढणे. हेको."

हेको म्हणजे हेमलता कोष्टी.

पहिला डेमो डोळ्यांपुढे उभा राहिला. समोर सहा डॉक्टर, बिराजदार साहेबांचा नवा कोट आणि ऐन वेळी सैल झालेली सेन्सरची वायर. पडद्यावर आकडा दिसे, जाई, दिसे, जाई. साहेबांच्या कपाळावर घाम. मी कोपऱ्यात बसून चार मिनिटांत तीन ओळी लिहिल्या: सेन्सरकडून काही आलं नाही, तर शेवटचा चांगला आकडाच दाखवत राहा. आकडा स्थिरावला. साडेछत्तीस. डॉक्टरांनी मान डोलावली, काम मिळालं. पंधरा दिवसांनी साहेब म्हणाले, "ताई, आजपासून टीम तुम्ही सांभाळायची." माझी खुर्ची त्या तीन ओळींवर उभी होती. पुढे कोड तपासणाऱ्या यंत्रानं दोनदा विचारलं होतं, ही ओळ चुकून राहिलीय का? मी दोन्ही वेळा उत्तर दिलं होतं, "हेतुतः ठेवली आहे."

याचा अर्थ असा. बाळानं पाय झाडला, वायर निघाली. पडद्यावर साडेछत्तीसच. अलार्म नाही. नर्स एकटी, बारा पाळणे. ती आकडा बघून पुढच्या पाळण्याकडे जाणार. हीटर आहे तसाच तापत राहणार. खालचं बाळ भाजतंय की गारठतंय, ते कुणालाच कळणार नाही.

मी उठून पाळण्याशी गेले. चिंगीची वायर काढली. तिला उचललं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि मागं वळून पडद्याकडे बघितलं.

रिकामा पाळणा. वर लालबुंद हीटर. आणि पडद्यावर शांतपणे साडेछत्तीस.

रोज सकाळी साडेनऊला शार्दूल वायर काढत होता. रोज पंधरा मिनिटं चिंगी त्यांच्या हातांत असायची आणि तो पडदा त्यांच्या डोळ्यांसमोर हेच दाखवायचा. चाचणी तेवढा वेळ थांबवतात असं मी धरून चालले होते. पाठ माझी होती, चेहरे त्यांचे होते. ऋजुता माझी नजर चुकवत नव्हती. ती माझ्या डाव्या खांद्यावरून पडदा बघत होती. रोज. आणि वाट बघत होती की मी कधीतरी वळेन.

मी त्यांच्यावर संशय घेत होते त्या प्रत्येक दिवशी ते माझ्यावर घेत होते. फरक एवढाच की त्यांचा खरा होता.

"विसरले होते मी," रिकाम्या खोलीत मी मोठ्यानं म्हणाले. मग टेबलाकडे बघितलं. ठावचा दिवा लागला नाही. लागणारही नव्हता. नोंदवहीत मी बोलणारी नव्हतेच, विचारणारी होते. माझ्या आवाजाची त्याच्याकडे नोंदच नव्हती. सगळ्या ऑफिसात खोटं बोलायची मोकळीक असलेली मी एकटीच.

ओळी गुपचूप काढता आल्या असत्या का? नाही. आमचा नियम आहे, मीच केलेला: दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय कुणाचाही बदल आत जात नाही. आणि सेन्सरला हात लावला की चाचण्या पहिल्यापासून, किमान पाच दिवस. मंगळवार हातचा जाणार. का गेला ते विचारणार. पुण्याचा शिकलेला माणूस तर यायलाच बसलाय.

रविवारी साहेबांचा फोन. "सगळं हिरवं ना, ताई?"

"हो," मी म्हणाले. फोनला दिवा नसतो. यजमान समोर मशिनला तेल घालत होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं. त्यांना यंत्र लागत नाही.

सोमवारी साडेनऊ. साहेब वेळेवर आले आणि माझ्या शेजारी, माझ्यासारखीच पडद्याकडे पाठ करून उभे राहिले, नजर ठावच्या दिव्यावर. शार्दूलनं वायर काढली, चिंगी आणली.

"काल सुट्टी. शनिवारी पण सुट्टी. आज कागदपत्रं पूर्ण करणार. अडलं काय न्हाई." हिरवा.

तौफिक. "दवाखान्यांची यादी तपासली. आज प्रशिक्षणाचा व्हिडिओ. अडलेलं नाही." हिरवा.

साहेब खूश. "वा! याला म्हणतात टीम."

मी ऋजुताकडे बघत होते. खरं सांगते, मला वाटत होतं की तिनं बोलावं. ती तरुण आहे, हुशार आहे, तिला दुसरीकडे नोकरी मिळेल. ती बोलली की मी दचकल्यासारखं करेन, "अगं बाई, हे कसं राहिलं!" म्हणेन. हा सगळा अभिनय मी सकाळी आंघोळीच्या वेळी बसवला होता.

"माझ्या यादीतलं सगळं झालं," ऋजुता म्हणाली. हिरवा. "आज काही नाही. अडलेलं..."

ती थांबली. दिवा पिवळा होऊन तसाच राहिला. मग तिनं जे केलं ते आमच्याकडे दोन वर्षांत कुणी केलं नव्हतं. चिंगीला मानेखाली हात देऊन नीट धरलं, तीन पावलं चालत आली आणि तिला माझ्या हातांत दिलं.

"ताई, तुम्हाला कुणी विचारतच नाही ओ कधी," ती म्हणाली. तिचा आवाज रडका होता आणि ती माझ्या डोळ्यांत बघत होती. "काल काय केलं? आज काय करणार? कुठं अडलंय?"

"अगं, त्यांना कशाला?" साहेब घड्याळ बघत म्हणाले. "त्या विचारणाऱ्या. चला, पेढे आणलेत मी."

"मान धरा, ताई," तौफिक हळूच म्हणाला.

मी मान धरली. चिंगीची पाठ अजून कोमट होती. वायर माझ्या मनगटावरून लोंबत होती. सगळ्यांनी सवयीनं ठावकडे बघितलं, मी बोलायच्या आधीच. दिवा विझलेला होता आणि विझलेलाच राहिला. मग एकेक करून सगळ्यांना माझ्या तोंडाकडे बघावं लागलं.

"साहेब, जरा मागं वळा."

ते वळले. मीही वळले.

"पडद्यावर काय आहे?"

"साडेछत्तीस. उत्तम!"

"आणि पाळण्यात?"

साहेबांनी पाळण्याकडे बघितलं. मग हीटरकडे. मग माझ्या हातांतल्या चिंगीकडे, तिच्या लोंबत्या वायरकडे. पेढ्यांचा बॉक्स त्यांनी खुर्चीवर ठेवला. "टेस्ट थांबवलेली असेल," ते म्हणाले, पण शार्दूलकडे बघून म्हणाले, आणि शार्दूलनं खाली बघत मान हलवली. नाही.

"सेन्सर सुटला तर आपलं सॉफ्टवेअर खोटा आकडा दाखवतं, साहेब. बाळ भाजलं तरी साडेछत्तीस, गार पडलं तरी साडेछत्तीस. ह्या तिघांनी हे रोज बघितलंय आणि माझ्याकडे बघून गप्प राहिलेत." माझा आवाज कापत होता. कापू दे. "पहिल्या डेमोच्या दिवशी आकडा स्थिर झाला, तो मी केला होता. त्या तीन ओळी माझ्या आहेत. आणि मी त्या विसरले नव्हते."